मी न दिलेला शब्द

बाई, घरात मी तुला 'अहो बाई' म्हणायची. तू माझी थोरली नणंद, मी तुझ्या धाकट्या भावाची बायको. आईंसमोर तुला अगं-तुगं केलं असतं तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी माझ्या माहेरी निरोप धाडला असता. पण काटोल नाका ओलांडला की तूच म्हणायचीस, "आता अहो-जाहो बंद. इथून पुढं मी शेवंता अन् तू मंजी." तेव्हापासून नाक्याच्या अलीकडे तुम्ही आणि पलीकडे तू. आता तू सगळ्याच नाक्यांच्या पलीकडे गेली आहेस, तेव्हा मी तूच म्हणणार. ज्याला खटकेल त्यानं कान झाकून घ्यावेत.

परवा तुझी तेरवी झाली. गल्लीतले सगळे माग त्या दिवशी बंद होते. आपल्या विणकरांच्या गल्लीत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. जो येईल तो तुझं गुणगान करत होता. "गरीब गाय होती बिचारी." बाई, तू आणि गरीब गाय! सासर सोडून एक ट्रंक घेऊन परत आलीस, कारण कोणाला सांगितलं नाहीस, शिकून धरमपेठेतल्या मुलींच्या शाळेत मास्तरीण झालीस आणि पगार हातात आला तशी सायकल घेतलीस. अख्ख्या मोहल्ल्यात सायकलवर बसलेली पहिली बाई तू. म्हातारे ओट्यावर बसून म्हणायचे, "नागपूरची राजधानी गेली, पन या बाईची सायकल काही जात नाही." आणि आता म्हणे गाय. पंगतीत वाढता वाढता मला हसू फुटलं, तर बायकांनी एकमेकींना खुणावलं की दुःखानं हिचं डोकं फिरलं.

फिरलेलं नाही. उलट इतकं ताळ्यावर कधी नव्हतं.

लोक दुसरंही एक बोलत आहेत, तोंडावर नाही, पाठीमागे. सायकलनं नेलं म्हणतात तुला. गोरेवाड्याच्या तलावाचं पाणी प्यायलीस, म्हणून मुदतीचा ताप आला. अरे, तेच पाणी अर्ध्या नागपूरच्या नळाला येतं! आपल्याच गल्लीत या दिवसांत आणखी दोन घरांत तो ताप होता, आणि त्या घरातल्या माणसांनी इतवारीच्या बाजारापुढचं जग पाहिलेलं नाही. पण त्यांना कोणी विचारत नाही की तुम्ही कुठे फिरायला गेला होतात. बाई घराबाहेर जात असली की तिच्या मरणालाही कारण सापडतं. घरात बसून मेली तर देवाची मर्जी.

हे सगळं मी गिळलं असतं. तू म्हणायचीस तसं, चिखलातून जाताना पाय वर उचलायचे आणि सायकल जाऊ द्यायची. पण तुझ्या दहाव्याला कन्हान नदीच्या काठी जे झालं ते मला गिळता येत नाही, आणि ते तुझ्याशीच बोलायला हवं, कारण तुझ्या नावानं झालं आहे.

पिंड मांडला होता. दहीभात, त्यावर तीळ. तुझा भाऊ ओल्या धोतरात उभा, आई एका बाजूला मला धरून, आणि उमरेडहून आलेले तुझे चुलते, आपले काकाजी, पिंडाच्या अगदी उशाशी. समोर बाभळीवर कावळे बसले होते, चांगले चार-पाच. पण एक म्हणून खाली उतरेना. भटजी म्हणाले, काहीतरी इच्छा राहिली आहे, बोला. तुझा भाऊ म्हणाला, "बाई, मी आईले संभाळीन." कावळे बसलेले. आई म्हणाल्या, "शेवंते, तुही ट्रंक मी कोनाले देनार नाही वं." कावळे बसलेले. ऊन चढत होतं. मग काकाजी पुढे झाले, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "शेवंता, तुह्या मनात काय हाय ते मले समजलं. या घरातली कोनी बाई आता सायकलले हात लावनार नाही. मंजुळा बी बसनार नाही. मी शब्द देतो."

आणि कावळा उतरला. पिंडाला शिवला, भाताचं ढेकूळ चोचीत धरून वरही गेला.

सगळ्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. "पाहा, ह्याच्यातच जीव होता पोरीचा." "मरतानी समजलं बिचारीले." काकाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू तूच त्यांच्या तोंडून बोललीस. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. माझे पाय, माझा रविवार, आणि शब्द त्यांचा.

आता मी काय पाहिलं ते ऐक. काकाजींना तू ओळखतेस. उन्हाळा असो, हिवाळा असो, काळी छत्री हातातून सुटत नाही. उमरेडला त्यांना छत्रीवाले म्हणूनच ओळखतात. त्या दिवशीही ते पिंडाच्या उशाशी छत्री उघडून उभे होते. काळी, मोठी, वाऱ्यानं फडफडणारी. आणि शब्द द्यायला हात जोडायचे म्हणून त्यांनी ती मिटली, काखेत धरली. कावळा छत्री मिटायची वाट पाहत होता, बाई! ती आधी मिटली असती तर तो "आईले संभाळीन"वरच उतरला असता आणि आज हा प्रश्नच नसता.

मी तिथं तोंड उघडणार होते. आईंनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडायला लागल्या. तुझ्या आजारपणात आणि नंतरही त्या नीट झोपल्या नव्हत्या. बसल्या जागी डुलक्या घ्यायच्या आणि दचकून "आली का वं?" विचारायच्या. त्या दिवशी घरी आल्या, पाणी प्यायल्या, आणि भिंतीशी पडल्या त्या संध्याकाळपर्यंत झोपल्या. मी त्यांच्या अंगावर तुझी चादर टाकली. उठल्यावर म्हणाल्या, "गेली वं माही पोरगी. सुटली." मग माझा हात धरून म्हणाल्या, "तू आता सायकलवर बसू नको, मंजुळा. शब्द मोडला त शेवंता अडकन. ना इथची, ना तिथची."

आता सांग, मी यांना छत्रीची गोष्ट सांगू? पहिल्यांदा झोप लागलेल्या म्हातारीला उठवून सांगू, की तुमची पोरगी सुटली वगैरे काही नाही, एका पाखराला भूक लागली होती? काकाजींशी भांडायला मी एका पायावर तयार आहे. पण आईंच्या झोपेशी कसं भांडायचं?

दहाव्यापासून मी हेच घोळवत बसले आहे. मागासाठी कांड्या भरता भरता सूत तुटलं तरी माझ्या ध्यानात येत नाही.

तू असा शब्द मागितला असतास, हे मला पटतच नाही. तू? ज्या बाईनं मला सायकलवर बसवण्यासाठी सगळी गल्ली अंगावर घेतली ती? आठव. दुपारी गल्लीभर वाळत ताणलेल्या सुताचे सगळ्यांचे ताणे उचलले गेले की गल्ली रिकामी, सरळ, लांब; शिकायला याहून चांगली जागा नाही, असं तुझं म्हणणं. तू मागून सीट धरायचीस आणि मी पुढे देवाचं नाव घ्यायची. त्या दिवशी ढगाळ होतं. वळणापलीकडे शेजारच्या दाजींनी खळ लावलेला ताणा वाळला नाही म्हणून तसाच ठेवला होता, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका लुगड्याची सगळी सुतं लाकडी घोड्यांवर ताणलेली. मी वळणावरून आले. दुसरी कोणी बाई असती तर "मेले" म्हणून ओरडली असती. मी ओरडले, "ताणा!" आणि गेले त्यातच. पुढच्या चाकात अर्धं लुगडं गुंडाळलं गेलं. माझे गुडघे फुटले होते. कोणी पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. सगळी गल्ली धावत आली आणि दिवे लागेपर्यंत तुटलेली सुतं सांधत बसली. तूही बसलीस. मास्तरीण झाल्यापासून तुझी बोटं सुताला विसरली होती, तुझ्या गाठी सुटून सुटून यायच्या. दाजी पलीकडे शिव्या घालत होते. आणि तू माझ्याकडे न पाहता हळूच म्हणालीस, "सायकलले ब्रेक नावाची चीज असते, मंजे."

गल्लीत शिकायची बंदी झाली. म्हणून दुसऱ्या रविवारी तू मला मागे बसवून काटोल नाक्याच्या पुढे नेलंस. दाजींनी शिव्या घातल्या नसत्या तर आपल्याला गोरेवाडा दिसलाच नसता, तेव्हा त्यांचे उपकार मानू.

शाळेसाठी तू सायकल चालवतेस हे लोकांनी कसंबसं पचवलं होतं. पोटासाठी करते बिचारी. त्यांना पचलं नाही ते हे की रविवारी तू आणि मी, तुझी लेडीज आणि माझ्या नवऱ्याची डांडीची, अशा दोन सायकली काढून निघायचो आणि विचारलं तर तू खरं सांगायचीस.

"कुठं चालल्या वं?"

"कुठंच नाही."

"काम हाय काही?"

"नाही."

"मंग कायले जाता?"

"जातो नं आमी."

मी तुला म्हणायची, बाई, काहीतरी सांग ना. कोणाच्या घरी चाललो, दवाखान्यात चाललो, काहीही. तू म्हणायचीस, एकदा काम सांगितलं की पुढच्या वेळी काम दाखवावं लागतं. येताना वाटेवर शेतकऱ्यानं ताजी वांगी दिली तरी तू घेऊ द्यायची नाहीस. "आज वांगे नेले त पुढच्या इतवारी आई वांग्यालेच धाडन. मंग तो इतवार आपला राहात नाही." एवढा मोठा विचार एवढ्याशा वांग्यात. गेल्या महिन्यात तलावाकाठी मासे धरणाऱ्या ढिवरानं ताजे शिंगाडे काढून दिले. आईंना शिंगाडे जीव की प्राण. मी म्हटलं, पदरात बांधून नेऊ, थोडेच आहेत. तू म्हणालीस, नाही. मी म्हटलं, तू दगड आहेस. तू म्हणालीस, दगड तर दगड. तिथंच बसून आपण ते सगळे खाल्ले आणि परतीच्या वाटेवर मी तुझ्याशी बोलले नाही. तुला ते कळलंही नसेल, कारण तू सायकलवर कधी बोलायचीच नाहीस. माझा राग तसाच वाया गेला.

तुझं ते न बोलणं. सुरुवातीला मला वाटायचं तुला माझा कंटाळा येतो. घरात मागाची खटखट, गल्लीत भांडणं, तुझ्या शाळेत साठ पोरींचे पाढे. नाक्यापुढे गेलं की तू गप्प. पहाटे काटोलकडून संत्र्यांच्या बैलगाड्या यायच्या, त्या गेल्या की रस्ता मोकळा. दोन्ही बाजूंना साग, मध्ये मध्ये पळस. लहान लहान चढ, की वाटतं आता संपला, आणि पुढे दुसरा. मग एका उतारावरून झाडांच्या फटीतून पाणी दिसायचं. तू तिथं कधीच ब्रेक लावला नाहीस. मी दोन्ही हातांनी ब्रेक आवळून, तोंडानं रामरक्षा म्हणत उतरायची आणि तू खाली पोचून, एक पाय जमिनीवर टेकवून, माझी वाट पाहत असायचीस. वाऱ्यानं तुझा अंबाडा सुटलेला असायचा. तशी तू घरात कधी दिसली नाहीस. त्या उतारावर मी तुझ्या मागे होते, हे मी भाग्य मानते, आणि हे मी तुला तोंडावर एकदाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "ब्रेक सोड आधी."

आणि खिंडसीचा तलाव! आठवतं, आपण निघायच्या आदल्या दिवशी आई दारात बसून समजावत होत्या. "रामटेकलेच चालल्या त देवाले जाऊन राहिल्या म्हना नं. लोकायले बरं वाटते."

तू म्हणालीस, "देव गडावर हाय, आई. आमी तलाव पाहाले चाललो."

"तलावात काय हाय?"

"पानी."

आईंनी कपाळावर हात मारून घेतला. पण भाकऱ्या बांधून दिल्या, त्याही तिळाची चटणी घालून. कामठीच्या पुढे कन्हानच्या पुलावर आपण थांबलो, तेव्हा खाली वाळूत लोकांनी चुली मांडल्या होत्या. मनसरला मँगनीजची काळी धूळ आपल्या तोंडावर बसली, आणि तू म्हणालीस, आता आपल्याला कोणी ओळखणार नाही, चल. मग टेकड्या सुरू झाल्या. माझे पाय गेले होते. पुढच्या चढावर उतरून ढकलत न्यायची म्हटलं तर तूही उतरलीस आणि माझ्याबरोबर चाललीस. एरवी तू कधी उतरायची नाहीस. वर पोचलो आणि ते सगळं पाणी, टेकड्यांच्या मधे मधे शिरलेलं, नजर पोचेल तिथवर. एक माणूस नाही, एक घर नाही. आपण काठावर बसून भाकरी खाल्ली. तू म्हणालीस, "इथं मी कोनाची कोनी लागत नाही, मंजे. किती हलकं वाटते."

मग बऱ्याच वेळानं तू म्हणालीस, "तो म्हनायचा..." तुझ्या नवऱ्याबद्दल पहिल्यांदाच. मी भाकरी हातात धरून थांबले. तू म्हणालीस, "जाऊ दे. पानी पाय." मी पाणी पाहिलं. तुझ्या मनात काय होतं ते तुझ्याबरोबर गेलं, आणि आता मोहल्ल्यातल्या बायका मला विचारतात, तुला तर सांगितलं असेल, काय झालं होतं गं? मी सांगते, हो, सांगितलं होतं. म्हणाली, पाणी पाहा. त्या चिडतात. चिडू देत.

आपलं एक भांडण मात्र अर्धं राहिलं, ते मी सोडणार नाही. माझं म्हणणं होतं की सायकलसाठी नऊवारीसारखं दुसरं वस्त्र नाही. कासोटा घातला की डांडी ओलांडता येते, चेनीत काही अडकत नाही, आपल्या आज्यांनी सायकल यायच्या आधीच तिची तयारी करून ठेवली होती. तू हसायचीस आणि मिलची पाचवारी गुंडाळून लेडीज सायकलवर बसायचीस. मी एकदा चिडून म्हटलं, तू मिलची पाचवारी नेसून फिरतेस आणि तिकडे तुझा भाऊ मागावर लुगडी विणतो. सगळ्या बायका तुझ्यासारख्या झाल्या तर ती नेसणार कोण? तू सायकल थांबवलीस. म्हणालीस, "लुगडं नेसूनच माग चालू राहीन त मी रोज दोन नेसतो. पन तसं नाही होनार, मंजे. भावाले दुसरं काही विनाले शिकव." मला ते झोंबलं. मी म्हटलं, तुला विणकराच्या घराची लाज वाटते. तू म्हणालीस, "लाज असती त परत आली असती का?" आणि पुढे गेलीस. मला उत्तर सुचलं ते घरी पोचल्यावर, चुलीपाशी. तोवर आई समोर होत्या आणि तू पुन्हा 'अहो बाई' झाली होतीस. ते उत्तर अजून माझ्यापाशी आहे. चांगलं आहे. तू ऐकलं असतंस तर गप्प बसली असतीस.

तर अशी तू. आणि काकाजी म्हणतात, तुझा जीव यातच अडकला होता की मी सायकल सोडावी. मला हे सहन होत नाही, बाई. जिवंतपणी तू कोणाचं ऐकलं नाहीस, आता मेल्यावर तुझ्या तोंडी कोणी काहीही घालावं? आज सायकल. उद्या म्हणतील, तिची इच्छा होती की मंजुळेनं डोक्यावरचा पदर ढळू देऊ नये. परवा म्हणतील, तिला पश्चात्ताप झाला होता, नवऱ्याकडे परत जायचं होतं. एक कावळा मिळाला की झालं. तुझ्या वतीनं बोलणारी माणसं वाढत जातील आणि खरी तू कोण होतीस हे मी सोडून कोणाला आठवणार नाही.

काल शनिवारी संध्याकाळी मी तुझ्या भावाला म्हटलं, "उद्या मी जानार हाय." तो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. वर पाहिलं नाही. म्हणाला, "आईले काय सांगशीन?" मी म्हटलं, खरं सांगीन. तो म्हणाला, "खरं कोनतं?" मी कांड्यांकडे वळले. थोड्या वेळानं पंपाचा आवाज आला. तो तुझ्या सायकलीत हवा भरत होता. तुझा भाऊ बोलत नाही, पण तुझाच भाऊ आहे.

आज सकाळी मी लुगडं घट्ट नेसले, कासोटा खोचला आणि मागाच्या मागल्या भिंतीला टेकवलेली तुझी सायकल काढली. माझी नेहमीची डांडीची न्यायची होती, पण हात तुझ्याच सायकलीकडे गेला. दारापर्यंत आणली तर आई उंबऱ्यात उभ्या. रात्रीची वेणीही सोडली नव्हती. त्यांनी पुढे येऊन हँडल धरलं.

मी छत्रीची गोष्ट जिभेवर आणली होती. खरंच आणली होती. त्यांचा हात पाहिला, नुसती हाडं, आणि तुझ्यासारखीच लांब बोटं. ती गोष्ट मी परत आत ढकलली. एखाद्याला कावळ्यामुळे झोप लागत असेल तर लागू दे.

"शब्द मोडून राहिली तू," आई म्हणाल्या.

"मी कुठं दिला होता, आई?"

"दिला गेला नं. माही पोरगी अडकन."

आणि तेव्हा मला ते सुचलं. चुलीपाशी नाही, वेळेवर सुचलं. इतके दिवस मी शोधत होते की आईंना कसं पटवू की तू अडकणार नाहीस. पण मला तू सुटायला कुठं हवी आहेस? घाई आहे ती बाकीच्यांना. पिंड, तीळ, तर्पण, सगळं तुला इथून पुढे ढकलायला. मी तर अजून तुझं ताट उचललेलं नाही. सायकल चालवून जर कोणी अडकून राहत असेल, तर मी रामेश्वरापर्यंत चालवीन.

मी म्हटलं, "आई, येक सांगा मले. मी सायकलवर बसली, शब्द मोडला. मंग बाई अडकन. बरोबर?"

"हो वं."

"अडकन म्हंजे कुठं राहीन?"

आईंनी दाराबाहेर गल्लीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "इथंच. घराभवती. आपल्याभवती फिरत राहीन."

"जानार नाही?"

"कशी जाईन? अडकली म्हंजे अडकली."

मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहत उभी राहिले. गल्लीत कोणीतरी ताणा लावायला घोड्या मांडत होतं, त्या लाकडांचा आवाज येत होता. आईंच्या तोंडावर काय काय येऊन गेलं ते मला सांगता येणार नाही. हँडलवरची बोटं एकेक करून सुटली. त्यांनी पदराचं टोक घेतलं आणि तुझ्या सीटवर बसलेली धूळ पुसली. मग मागचं कॅरिअरही पुसलं, नीट, दोनदा, कोणी बसणार असल्यासारखं.

"दर इतवारी जाशीन?" त्यांनी विचारलं.

"दर इतवारी."

"मंग जाय," आई म्हणाल्या. "पन येक बी इतवार चुकवू नको."

मी हो म्हटलं.